शून्य पूर्णांक आठ

३ फेब्रुवारी, सोमवार

आज काय घडलं, क्रमाने:

१. सकाळी ९.०५ ला लॅबमध्ये आले. बेंचची डावी बाजू रिकामी.
२. बेंचवरचा जोडीदार शेजारच्या इमारतीतल्या लॅबमध्ये गेला. स्वतः अर्ज करून. (यापुढे त्याचा उल्लेख 'शिट्टी'. दिवसभर एकाच गाण्याच्या दोन ओळी शिट्टीवर वाजवतो, तिसरी त्याला येत नाही.)
३. सरांनी बोलावून विचारलं, तुमच्यात काही झालं होतं का. मी म्हटलं, नाही. खरंच काही झालं नव्हतं. दोन वर्षांत काहीच झालं नव्हतं.
४. सर म्हणाले, त्याने अर्जात कारण लिहिलंय, बेंचवर फार शांतता असते.
५. ही तक्रार कशी काय, ते मला कळलं नाही. सरांना विचारलं नाही.
६. ११.३० ला शिट्टी त्याचा कप न्यायला आला. म्हणाला, चल, भेटू. मी म्हटलं, हो. दोन्ही इमारतींत शंभर पावलांचं अंतर आहे.
७. बेंच आता पूर्ण माझा.

ही वही त्यासाठीच. एकटीने काम करायचं तर नोंदी चोख हव्यात. कोणाला दाखवायची नाही.

उद्यापासूनचं वेळापत्रक: ९.१० ला रेफरन्स. (बाकीचे दहाला घेतात. पन्नास मिनिटं गप्पांत जातात.) ९.३० कॉफी, म्हणजे मशीनपाशी कोणी नसतं. १० पासून काम. जेवण १२.१५ ला, स्टोअरच्या खोलीत. नियमावलीत रेफरन्सआधी कनेक्टर, म्हणजे फायबरचं जोडणीचं टोक, पुसायला सांगितलंय. मी रोज संध्याकाळी टोकाला प्लास्टिकची टोपी घालून जाते. टोपीखाली धूळ कुठून येणार? ती चार मिनिटंही वाचली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

परवा दादा फोनवर म्हणाला, तू नक्की करतेस काय ते एकदा नीट सांग, लोक विचारतात. मी म्हटलं, उजेड एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. म्हणाला, म्हणजे इलेक्ट्रिशियन.

नीट उत्तर लिहून ठेवते, रविवारी वाचून दाखवता येईल.

फायबर म्हणजे काचेचा केस. त्यातून लेझरचा उजेड येतो. तो चिपमध्ये शिरवायचा. फायबरमधला ठिपका दहा मायक्रॉन रुंद, चिपमधली वाट अर्धा मायक्रॉन. डोक्यावरचा केस सत्तर. फायबर चिपच्या काठाशी आणायचं, स्क्रू फिरवून किंचित किंचित हलवायचं, मीटरवर सगळ्यात चांगला आकडा दिसला की थांबायचं. गोंदाचा थेंब सोडायचा, निळा दिवा मारून तो घट्ट करायचा. गोंद आकसताना फायबरला ओढतो. त्या वेळी श्वास रोखायची गरज नसते. मी रोखते.

किती उजेड सांडला ते डेसिबलमध्ये मोजतात. कमी तितकं चांगलं. तीन म्हणजे निम्मा गेला. आपल्या लॅबचा आकडा १.९, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच सांडतो. नव्या ग्राहकाला एकच्या आत हवाय. ज्याच्या पद्धतीने तो येईल त्याच्या हातात उत्पादनाची नवी लाइन.

आणि रेफरन्स म्हणजे आधी चिपशिवाय, लेझर सरळ मीटरला जोडून किती उजेड येतो ते टिपायचं. तो आपला शून्य. चिप मध्ये घातल्यावर त्याहून जेवढं कमी, तेवढं सांडलं. वाणी आधी रिकामी बरणी तोलतो, तसंच.

घड्याळ लावून वाचलं. दीड मिनिट. दादा अर्ध्या मिनिटात विषय बदलतो. कापायला हवं.

५ फेब्रुवारी, बुधवार

नव्या वेळापत्रकाचा दुसरा दिवस. आकडा १.३. काल पण १.३ होता, विश्वास बसला नाही म्हणून लिहिला नव्हता. शिट्टी गेल्यापासून ०.६ ची सुधारणा. माणूस म्हणून त्याच्यावर राग नाही. आकडा तो आकडा.

दुपारी पॉलिशकाकू पार्टिशनवरून डोकावल्या. काकू एकोणीस वर्षं फायबरची टोकं घासून गुळगुळीत करतात. त्यांचं मशीन, म्हणजे एक फिरती तबकडी, माझ्या पाठीमागेच घुमत असतं. त्यांना सगळे काकू म्हणतात, सरसुद्धा, आणि सर त्यांच्याहून मोठे आहेत. माझे हातमोजे, मास्क आणि भिंगाचा दिवा बघून त्या रोज एकच प्रश्न विचारतात, पेशंट कसा आहे?

मी म्हटलं, स्थिर आहे.

त्या खूप वेळ हसल्या. मी विनोद केला नव्हता.

१० फेब्रुवारी, सोमवार

०.९.

तीनदा पाहिलं. दुसरा मीटर लावून पाहिलं. ०.९.

सरांना इतक्यात सांगायचं नाही. आधी कारण सापडायला हवं. शनिवार-रविवारात वेगळं काही केलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं. दादाचा फोन सहा मिनिटं, त्यात उत्तर वाचायला सुरुवात केली, 'काचेचा केस' इथवर पोचले तेव्हा त्याच्याकडे पाहुणे आले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळवार १.२, बुधवार १.३, गुरुवार १.२, आज १.३. सोमवारची उंची परत नाही. तोच हात, तोच गोंद, त्याच चिप.

१७ फेब्रुवारी, सोमवार

०.८.

म्हणजे सोमवार. सोमवारीच का? दोन दिवस विचार केला असता तर कळलं नसतं, आज कॉफी पिताना दोन मिनिटांत कळलं. शनिवार-रविवार मी कोणाशी बोलत नाही. बोलताना छाती हलते, छातीबरोबर खांदा, खांद्याबरोबर बोटं, आणि बोटांत स्क्रू आहे. एका मायक्रॉनचा प्रश्न असतो. दोन दिवस गप्प राहिलेल्या माणसाचा हात सोमवारी अधिक स्थिर असणारच. इतकं सरळ आहे की आजवर कोणाला सुचलं कसं नाही याचं नवल वाटतं. पण लॅबमधली बाकीची माणसं बोलतात, त्यांना कसं सुचणार.

उद्यापासून बोललेली वाक्यं मोजायची. आलेख काढायचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोजणीचे नियम. 'हं' म्हणजे अर्धं वाक्य. मान हलवली तर शून्य. समोरच्याचं बोलणं धरायचं नाही. कॉफी मशीनला चुकून थँक्यू म्हटलं. समोर माणूस नव्हता, पण छाती हलली. अर्धं धरलं.

आजची एकूण वाक्यं: साडेअकरा. आकडा: १.२. काल (आठवून मोजली) चार वाक्यांना ०.८ होता. दोनच बिंदू आहेत, पण रेघ सरळ जाते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काकू जेवायच्या वेळी स्टोअरच्या खोलीत आल्या. म्हणाल्या, अगं, एकटीच काय खातेस, डबा बोलतो का तुझ्याशी? मी मान हलवली. (शून्य.) त्या खोक्यावर बसल्या आणि सुनेच्या मांजराची गोष्ट सुरू केली. मांजर फक्त काकूंच्याच चादरीवर झोपतं. सून म्हणते, त्याला तुमचा लळा लागलाय. काकू म्हणतात, लळा कसला, माझी चादर मऊ आहे, धुऊन धुऊन. मी घड्याळाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, तुला एक सांगायचं होतं बाई, पण तू घाईत दिसतेस, राहू दे. मी म्हटलं, हो, जरा.

परतले तर बेंचवर कागदात संत्र्याच्या चार फोडी. लॅबमध्ये खाद्यपदार्थ आणू नयेत अशी पाटी आहे. पाटीचा फोटो काढून त्यांना पाठवायचं ठरवलं. फोडी आधी खाल्ल्या, नाहीतर माझ्या बेंचवर सापडल्या असत्या. फोटो राहिला.

वाक्यं नऊ, आकडा १.३. मंगळवारपेक्षा कमी बोलूनही आकडा वाईट. ऐकण्याचाही परिणाम होत असावा. नियम बदलायला हवा. काकूंची वाक्यं चाळीसच्या वर होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांपुढे आलेख मांडला. सर बराच वेळ बघत होते. म्हणाले, आडव्या अक्षावर हे काय आहे? मी म्हटलं, वाक्यं. म्हणाले, कसली? मी म्हटलं, माझी.

पण ०.८ हा आकडा त्यांना आवडला. त्यांनी दोनदा मोठ्याने वाचला. ग्राहकाला आजच कळवला. ग्राहक सात मार्चला आपलं डिझाइन पक्कं करणार. ०.८ धरून चालले तर छोटा लेझर पुरेल, त्यांच्या उपकरणाचा खोका गार राहील. एकदा पक्कं झालं की बदल नाही.

सर म्हणाले, पद्धत लिहून दे, दुसऱ्या कोणाच्या हातून आली तर लाइन तुझीच. पद्धत तयारच होती. नऊ पानं. कलम ४.३: काम करणाऱ्याने कामाच्या आदल्या संध्याकाळपासून शक्यतो बोलू नये. सरांनी त्याच्यासमोर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं, पण खोडलं नाही. प्रत शिट्टीला पाठवली. त्याने करून बघायचं.

लाइन मिळाली तर तिथे आठ बेंच असतील. आठ बेंच आणि कोणीही बोलणार नाही. डोळ्यांपुढे आलं. फार सुरेख दिसलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. म्हणाला, काय म्हणतोय तुझा उजेड? मी म्हटलं, शून्य पूर्णांक आठ. म्हणाला, ते पास का नापास? मी म्हटलं, पहिला नंबर. मग म्हणाला, आवाज का बसलाय तुझा, सर्दी का? मी म्हटलं, नाही, वापर कमी आहे.

तो म्हणाला, ये ना चार दिवस. मागून वहिनी म्हणाली, तिला म्हणावं खोली झाडून ठेवलीये, आता काय अक्षता पाठवू? मी म्हटलं, सात मार्चनंतर बघते.

एकूण नऊ वाक्यं, रविवारी संध्याकाळी. उद्याचा आकडा धोक्यात. दादाला मेसेज केला की यापुढे फोन शुक्रवारी करावा. कारण विचारलं. 'तांत्रिक' असं लिहिलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

०.७. नऊ वाक्यांनंतरही. म्हणजे दादाची वाक्यं फारशी बाधत नाहीत. फोनवरची असल्यामुळे असेल.

आता सात तारखेपर्यंत कुठलाही धोका नको. उरलेला मोठा धोका एकच, पाठीमागचा. काकूंना 'बोलू नका' असं तोंडावर सांगता येत नाही. चार वेळा वाक्य तयार केलं. चारही वेळा त्यांनीच आधी विचारलं, पेशंट कसा आहे.

सरांना मेल केली: पॉलिशच्या मशीनचं कंपन बेंचपर्यंत पोचतं, अचूकतेवर परिणाम संभवतो, मशीन दुसरीकडे हलवावं. कंपन मोजलेलं नाही. मोजायचा सेन्सर शेजारच्या इमारतीत आहे आणि तिथवर जाताना चार माणसं भेटतात. पण मशीन फिरतं म्हणजे कंपन असणारच. 'संभवतो' हा शब्द बरोबर आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दोन माणसं ट्रॉली घेऊन आली. मशीन शेजारच्या इमारतीत गेलं, काकूही.

जाताना काकू बेंचपाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, म्हणे माझी चक्की हलते. एकोणीस वर्षं हलत होती, कोणाच्या पोटातलं पाणी हललं नाही. आता कोणाचं हललं कोण जाणे. मी भिंगातून बघत होते. भिंगाखाली काही नव्हतं. म्हणाल्या, स्टूल राहू दे इथे, नंतर नेईन, पेशंटकडे लक्ष ठेव.

आजची वाक्यं: शून्य. पहिल्यांदाच शून्य.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पूर्ण शांतता. एअर कंडिशनरचा आवाज सोडून काही नाही. तो दोन सुरांत असतो हे आज कळलं.

आकडा १.९.

मीटर बिघडला असावा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटर बदलला. १.९. फायबर बदललं. १.९.

दादाचा फोन वाजला. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. उचलला नाही. सोमवार महत्त्वाचा आहे. सात वेळा वाजून थांबला. त्याचा मेसेज आला: काही नाही, सहज.

सरांना अजून सांगितलेलं नाही. दोन दिवसांच्या आकड्यांवरून घाई करू नये. हा अपवाद आहे.

२ मार्च, रविवार

दोन दिवस शून्य वाक्यं. खाली दुकानात गेले होते. बाईंनी विचारलं, पिशवी देऊ का. मान हलवली. शेजारच्या खोलीत कोणीतरी कपाट सरकवत होतं, दुसरं कोणीतरी म्हणत होतं, इकडे नाही गं, तिकडे. बराच वेळ इकडे-तिकडे चाललं. शेवटी कपाट कुठे गेलं ते कळलं नाही.

संध्याकाळी आवाज चालू आहे का ते बघायला 'अ' म्हटलं. चालू आहे. मोजलं नाही.

उद्या ०.६ यायला हरकत नाही.

३ मार्च, सोमवार

१.९.

४ मार्च, मंगळवार

संभाव्य कारणं. चिपचा नवा लॉट (तपासलं, जुनाच आहे). गोंद शिळा (नवी बाटली फोडली, १.९). मशीन गेल्यामुळे मागे जागा मोकळी झाली आणि हवेचा झोत बदलला. हे पटण्यासारखं आहे. खोली खरोखरच मोठी वाटते. पार्टिशनवर काकूंचं स्टूल उलटं ठेवून झोत अडवून पाहिला. १.९.

शेवटी उलटा प्रयोग केला. दिवसभर बोलून बघायचं. बोलायला कोणी नव्हतं म्हणून आगीपासून सुरक्षिततेची पुस्तिका बेंचपाशी मोठ्याने वाचली. साठ वाक्यं. सर दारातून बघून गेले. आकडा १.९.

म्हणजे बोलण्याचा परिणाम काहीच नाही? असं लगेच म्हणता येणार नाही. पुस्तिका हे बोलणं नव्हे.

दुपारी शिट्टी आला. म्हणाला, तुझं ते ४.३ चार दिवस पाळलं. शिट्टीपण बंद. आमच्याकडे सगळे विचारायला लागले, घरी कोणी गेलं का? रोज १.९. काल वैतागून पुन्हा वाजवायला लागलो. तरी १.९. तुला खरंच ०.८ मिळाले का गं?

मी म्हटलं, तीन सोमवार. नीट सांगायचं तर ०.९, ०.८ आणि ०.७.

तो म्हणाला, आणि आता?

मी म्हटलं, आता मी कामात आहे.

ग्राहकाचं डिझाइन तीन दिवसांत पक्कं होणार.

५ मार्च, बुधवार

सावकाश लिहिते.

आकडे बिघडल्यापासून ९.३० ची कॉफी बंद केली आहे. त्यामुळे ९.१० चा रेफरन्स झाल्यावर बेंचपाशीच बसले होते. पॅचकॉर्ड, म्हणजे लेझर मीटरला जोडणारी फायबरची दोरी, मीटरमधून काढून ठेवली होती, टोक उघडं. ९.३५ ला काकू स्टूल न्यायला आल्या. म्हणाल्या, अगं बाई, आज इथेच? आणि बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, एप्रनच्या खिशातून कनेक्टर पुसायचं पेन काढलं, माझ्या पॅचकॉर्डचं टोक उचललं, पेन दोनदा दाबलं. टक. टक. टोक होतं तिथे परत ठेवलं.

मी विचारलं, काय करताय?

म्हणाल्या, पुसते. रोज पुसतच होते की. तू कॉफीला जातेस तेव्हा. अख्ख्या लॅबची टोकं पुसून ठेवायची मी. दहाला तुमचे रेफरन्स सुरू व्हायच्या आत.

मी म्हटलं, मी रेफरन्स ९.१० ला घेते.

काकू थांबल्या. त्या काही शिकलेल्या इंजिनिअर नाहीत. पण त्यांना माझ्या आधी कळलं. म्हणाल्या, म्हणजे बरणी मातीसकट तोललीस?

पॅचकॉर्ड पुन्हा मीटरला जोडली. उजेड सकाळच्यापेक्षा १.४ डेसिबलने जास्त. कोणी चिपला हात लावला नव्हता. मळक्या टोकाने रेफरन्स, पुसलेल्या टोकाने मोजणी. जे दोन्हींतलं अंतर, ते मी माझ्या हाताच्या नावावर धरत होते. काकू गेल्यापासून दोन्ही वेळा टोक मळकंच, म्हणून रोज १.९.

मी म्हटलं, पण मी रोज टोपी घालते.

काकूंनी टोपी मागितली. भिंगाखाली धरली. आत तेलकट थर होता आणि एक तंतू. म्हणाल्या, याच तर घाण लावतात गं. आत प्लास्टिक झडतं. जितका वेळ टोपी, तितकी घाण. शिट्टीला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी. तुला सांगायला आले तर तू घड्याळ बघत होतीस.

जितका वेळ टोपी. शनिवार-रविवार टोपी दोन दिवस असते. म्हणून सोमवार.

काकू हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. विचारलं, आकडा बाहेर दिलास का कोणाला? मी म्हटलं, ग्राहकाला. म्हणाल्या, मग कळव हो. आजच. लपवलंस तर त्यांचे खोके आंधळे निघतील आणि मग सगळीच जणं तुझ्याशी बोलायला येतील.

स्टूल उचलून दारापर्यंत गेल्या. वळून म्हणाल्या, तिकडे बरं आहे तसं. खिडकी आहे. तो पोरगा शिट्टी वाजवतो, मी तिसरी ओळ शिकवली त्याला. एकच कळत नाही, माझ्या चक्कीची तक्रार केली कोणी?

मी म्हटलं, माहीत नाही.

आजची वाक्यं: पाच. त्यातलं एक खोटं.

६ मार्च, गुरुवार

काल कळवलं नाही. आधी खात्री करायची होती, असं कारण काल मनात धरलं होतं. खात्री कालच झाली होती.

तरीही आज सकाळी करून पाहिलं. टोक पुसून रेफरन्स: १.९. पाच वेळा, पाचही वेळा १.९. टोपी वीस वेळा घालून काढली, रेफरन्स घेतला, मग पुसलं: ०.८. टोपीच्या संख्येवर हवा तो आकडा आणता येतो. ०.५ सुद्धा आणला. दुःखाची गोष्ट अशी की तो आलेख वाक्यांच्या आलेखापेक्षा किती तरी सरळ आला.

११ वाजता सरांना सांगितलं. ते फोन उचलून ग्राहकाशी बोलले. माझं नाव घेतलं नाही, 'आमच्याकडून' म्हणाले. ग्राहक पुन्हा मोठा लेझर घेणार. एक दिवस उरला होता, म्हणून निभावलं.

फोन ठेवून सर म्हणाले, लाइन शिट्टीकडे जाईल. आकडा १.९ चाच आहे, पण रोज तोच असतो. मी म्हटलं, बरोबर आहे. कलम ४.३ त्यांनी स्वतः खोडलं. मग विचारलं, आणि ते कंपन, मोजलं होतंस का?

मी म्हटलं, नाही.

सर म्हणाले, मग ती बाई तिकडे कशासाठी गेली? माझ्याकडे उत्तर होतं. दिलं नाही. म्हणाले, मशीन परत आणायला माझी ना नाही. पण त्यांना विचारून. आणि विचारायचं तू.

दुपारी वाक्यांचा आलेख फाइलमधून काढला. सोळा दिवसांचा होता. सगळ्यात जास्त बोललेल्या दिवशी साठ वाक्यं, ती पुस्तिकेची. ती वगळली तर साडेअकरा.

संध्याकाळी दादाला मेसेज केला: फोन रविवारी केलास तरी चालेल. त्याने लिहिलं, तांत्रिक अडचण मिटली का? मी 'हो' लिहिलं, मग पुसून 'तशी अडचण नव्हती' असं लिहिलं.

७ मार्च, शुक्रवार

शंभर पावलं चालून शेजारच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत गेले. वरून शिट्टी ऐकू येत होती. तीन ओळी. कोणीतरी हसत होतं. परत आले.

काकू मेल उघडत नाहीत, म्हणून कागदावर लिहिलं. पहिल्या मसुद्यात पार्श्वभूमी, निरीक्षणं आणि निष्कर्ष असे भाग होते. तो फाडला. दुसरा दीड पानाचा होता. हा तिसरा. पाकिटात घालण्याआधी इथे उतरवून ठेवते.

काकू,

तुमच्या मशीनच्या कंपनाची तक्रार मी केली होती. कंपन मोजलं नव्हतं. बुधवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी माहीत नाही म्हटलं, ते खोटं होतं.

ग्राहकाला कळवलं आहे. त्यांचे खोके वाचले. टोकं यापुढे माझी मी पुसेन, त्यासाठी तुम्हाला यायची गरज नाही.

मशीन परत आणायचा अर्ज सोबत आहे. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक कारण नाही' असं लिहिलं आहे. सर म्हणाले, चालेल. तुमची सही लागेल. तिकडे तुम्हाला बरं वाटत असेल तर सही करू नका, मी अर्ज परत घेईन.

काय ते बुधवार, १२ मार्चपर्यंत कळवावं.